माप बरोबर, बटण भलतंच

१

बटणांच्या त्या दुकानाने तीन पिढ्यांत कुणाला चुकीचं बटण दिलं नव्हतं. ऑनलाइन झालं आणि महिना भरायच्या आत रोज एकाला देऊ लागलं. कुणी शर्टासाठी साधी पांढरी मागवली, तर पाकिटातून निळसर झाक मारणारी निघाली. कुणी कोटासाठी काळी मागवली, तर तपकिरी आली. मोबाइलवर लोक तक्रारी लिहीत होते, आणि दुकानाच्या नावासमोरचे तारे गळत होते.

दुकानाचे मालक अप्पा. त्यांनी शनिवारी सगळ्यांसमोर जाहीर केलं की उद्या संध्याकाळपर्यंत या घोळाचा छडा लागला तर ठीक, नाहीतर ऑनलाइनचं खूळ बंद. आणि धाकट्या सुनेने घर सांभाळावं, दुकानात पाऊल टाकू नये.

ऑनलाइन दुकान धाकटीने उभं केलं होतं. एकेक बटण पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढायचा, त्याचा रंग, माप, भोकं लिहायची, ऑर्डर आली की पाकीट भरायचं, हे सगळं ती एकटी करायची. नवरा नोकरीनिमित्त परगावी. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला कुणीतरी तिच्या कामावरून ओळखायला लागलं होतं, आणि तेच आता हातातून जाणार होतं. ती रडत बसली नाही. तिने आत्याला फोन केला.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तिने विमा कंपनीत उभा जन्म दावे तपासले होते. कुणाचं गोदाम आपोआप जळलं आणि कुणाचं जाळलं गेलं, हे ती राखेतून सांगायची. निवृत्त झाली तरी घरात तिच्याशी खोटं बोलायची कुणाची टाप नव्हती.

"आत्या, मी चूक केलेली नाही," धाकटी म्हणाली. "पण माझं इथे कोण ऐकणार?"

आत्याने येते म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या मनात पहिला विचार आला तो काही चांगला नव्हता. बरं झालं, फार मिरवत होती, असा तो विचार होता.

२

आत्या रविवारी सकाळी दुकानात पाय ठेवते तो समोर धाकटी. गल्ल्याशेजारच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. लहानपणी याच दुकानात तिने वडिलांच्या पायाशी बसून बटणं निवडली होती. डोळे मिटून नुसत्या बोटांनी ती माप सांगायची. वडील कौतुक करायचे, चार लोकांना बोलावून दाखवायचे, आणि दुकान द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते अप्पाला दिलं. त्या खुर्चीत तिला कधी कुणी बस म्हटलं नव्हतं. ही कालची आलेली पोर तिथे ऐसपैस बसली होती. आत्याला तिचा हेवा वाटला. त्याला दुसरं गोंडस नाव द्यायचा तिने प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"बोल," ती जरा तोडूनच म्हणाली.

धाकटीने आपली पद्धत सांगितली. ऑर्डरप्रमाणे बटणं काढली की ती एका बशीत ठेवून त्यांचा फोटो काढायचा, मगच पाकीट चिकटवायचं आणि नाव लिहायचं. तयार पाकिटं संध्याकाळी आतल्या खोलीत टोपलीत ठेवायची. सकाळी कुरियरवाला ती घेऊन जायचा. तिने फोटो दाखवले. प्रत्येक बशीत मागवलेलंच बटण होतं. अप्पांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, फोटो काय, कधीही काढता येतो.

आत्याने वेळा पाहिल्या. फोटो खरे होते. म्हणजे पाकीट चिकटवल्यानंतर आणि कुरियरवाला यायच्या आधी कुणीतरी ते उघडून आतलं बटण बदलत होतं आणि पुन्हा चिकटवून ठेवत होतं.

"तक्रारी कुणाकुणाच्या आहेत?"

धाकटीने नावं वाचायला सुरुवात केली आणि आत्याने भुवया उंचावल्या. ही सगळी माणसं तिला माहीत होती. गल्लीच्या टोकाची डॉक्टरीणबाई, निवृत्त हेडमास्तर, पेढीवाल्यांची विधवा बहीण. सगळी दुकानाची जुनी गिऱ्हाइकं. परगावच्या अनोळखी लोकांचीही पाकिटं रोज जात होती, पण त्यांच्यापैकी एकाचीही तक्रार नव्हती.

"आणि एक गंमत," धाकटी म्हणाली. "बटण चुकीचं, पण माप कधीच चुकलेलं नाही."

आत्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. माप बरोबर म्हणजे बटण काजात नीट बसणार. वाकडं करायला निघालेला माणूस गिऱ्हाइकाच्या काजाची काळजी करत होता. चोर बाहेरचा नव्हता. त्याची बोटं सुईदोऱ्यात किंवा बटणांत मुरलेली होती.

"परत आलेली बटणं दाखव," ती म्हणाली.

"एकही नाही माझ्याकडे. लोक इथे बदलायला येतात तेव्हा अप्पाच बघतात. चुकीचं घेतात, बरोबरचं देतात, आणि घेतलेलं जागच्या जागी ठेवून देतात. मी डोळ्यांनी एकही पाहिलेलं नाही."

३

काजाची काळजी करणारी पहिली व्यक्ती म्हणजे थोरली सून. ती घरी कपडे शिवायची आणि दोरा-अस्तर न्यायला रोज संध्याकाळी दुकानात यायची. आतली खोली तिला मोकळीच होती. आत्या तिच्या शिलाई मशिनीसमोर जाऊन बसली.

थोरलीने आढेवेढे घेतले नाहीत. दहा वर्षं आपण या घरात राबतोय, शिवणातलं सगळं कळतं, पण दुकानात बसतेस का म्हणून एका शब्दाने कुणी विचारलं नाही. आणि ती आली, लॅपटॉप उघडला, की सगळे तिच्यामागे. सासरे गिऱ्हाइकांना सांगतात, आमची धाकटी फार हुशार. मग थोरली काय, मठ्ठ? हे सगळं तिने एका दमात ऐकवलं आणि वर दोरा दाताने तोडला.

"जळतेच मी तिच्यावर, आत्या. तिच्या पाकिटात हात घालायचा असता तर दोन भोकांची फुटकी बटणं घातली असती. चांगली कशाला घालू?"

"चांगली?"

थोरलीने सांगितलं की एक बाई ब्लाउज शिवायला आली होती. तिने पांढरी बटणं मागवली होती, भलतीच आली, पण इतकी देखणी निघाली की ती परत करायला तयार नव्हती. हीच लावा म्हणाली. ती बटणं अजून थोरलीच्याच डब्यात होती. शोधायला वेळ लागेल, दुपारी देते, असं तिने सांगितलं.

आत्या उठली. जळणारं माणूस इतकं उघड जळत असेल, तर त्याला लपूनछपून काही करायची गरज उरत नाही, असं तिला वाटलं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हेही तिला ठाऊक होतं.

दुकानाच्या ओट्यावर शिंपी मास्तर बसायचे. ऑनलाइनमुळे त्यांचंही नुकसान झालं होतं. पूर्वी बटण घ्यायला आलेलं माणूस जाता जाता त्यांच्याकडे एखादं काम टाकून जायचं. आता माणूसच येत नव्हतं. रात्री मशीन आत ठेवायला ते त्याच खोलीत जायचे, म्हणजे टोपली त्यांच्याही हाताशी.

"घ्या संशय," मास्तर म्हणाले. "मला त्या मोबाइलचा राग आहे, नाही म्हणत नाही. पण एक विचारू? ती शिडी कोण हलवतं?"

दुकानात छतापर्यंत खण होते. वरच्या रांगेसाठी एक लाकडी शिडी होती, ती कायम मागच्या भिंतीला टेकलेली असायची. गेले काही दिवस मास्तर सकाळी मशीन काढायला जात तेव्हा शिडी समोरच्या खणांना लागलेली दिसायची. आपण ती परत मागे ठेवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर. मास्तरांना वाटलं होतं, धाकटी फोटोसाठी काही काढत असेल.

आत्या आत गेली आणि मान वर करून पाहत राहिली. धाकटीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, वरच्या रांगेचे फोटो मी काढलेच नाहीत. तिथे सगळा उंदरांनी खाल्लेला कचरा आहे, हात लावू नकोस, असं अप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय.

४

थोरल्याला आत्याने जेवणानंतर गाठलं. तो अप्पांचा मोठा मुलगा, काउंटर सांभाळणारा. धाकट्या भावाच्या बायकोने दुकानात येऊन नाव कमवावं, हे त्याला झोंबलं होतंच. पण तो बायकोसारखा बोलका नव्हता, त्याच्याकडून एकेक शब्द ओढून काढावा लागला.

शिडीवर कोण चढतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, कोणीच नाही. मला उंचीवर गरगरतं, आणि अप्पांचे गुडघे गेलेत. जमिनीवरून उठायलाही त्यांना माझा हात लागतो.

"ऑनलाइन बंद झालं तर तुला आनंदच होईल ना?"

थोरल्याने खांदे उडवले. मग म्हणाला, "मला काय, आत्या. पण खरं सांगू? या घोळामुळे दुकानात पुन्हा वर्दळ झालीय. हेडमास्तर आले होते बटणं बदलायला, दोन तास बसले. डॉक्टरीणबाई किती दिवसांनी आल्या. अप्पा त्यांच्याशी गप्पा मारत होते, हसत होते. मध्यंतरी तर ते दिवसदिवस बोलत नव्हते. लोक आले तरी विचारायचे, धाकटी आहे का?"

तेवढ्यात थोरली आली आणि तिने कागदाची पुडी आत्याच्या हातात ठेवली. त्या देखण्या बटणांची.

आत्याने त्यातलं एक काढून ओठाला लावलं. प्लास्टिक ओठाला लागताच कोमट होतं. हे गार होतं आणि गारच राहिलं. उजेडात तिरकं धरलं तेव्हा त्यावरून निळसर-गुलाबी रंग सरकला. अस्सल शिंपला. असा माल आता कुठे मिळत नाही. तिच्या वडिलांनी शेवटची पेटी मागवली होती ती तिने स्वतः निवडली होती, आणि तिच्याच हाताने वरच्या रांगेत भरली होती.

ती पेटी कुठल्या खणात आहे हे माहीत असलेली जगात दोनच माणसं उरली होती. त्यातली एक ती स्वतः.

५

सगळ्यांनी संध्याकाळी दुकानात जमायचं ठरलं होतं. आत्या आधीच गेली. दुकान बंद होतं, अप्पा एकटेच काउंटरमागे बसले होते. तिने पुडी मिटलेलीच काउंटरवर ठेवली.

"ताई, लागला का छडा?"

"लागत आलाय. एका बाईने तिची चुकीची बटणं परत दिली नव्हती, ती मिळाली. हलक्यातला माल आहे, प्लास्टिक. उद्या गावभर दाखवत फिरेल ती. तीन पिढ्यांचं नाव आणि गिऱ्हाइकाला प्लास्टिक पाठवतात म्हणेल."

"प्लास्टिक?" अप्पांचा आवाज चढला. "अस्सल शिंपला आहे तो. बाबांच्या पेटीतला. मी काय कुणाला प्लास्टिक..."

ते तिथेच थांबले. पुडीला अजून कुणी हात लावलेला नव्हता.

आत्याला विजयाचा आनंद व्हायला हवा होता. तिने शांतपणे सगळं मांडलं. वाईट करायला निघालेला माणूस माप सांभाळतो, कारण चुकीचं माप द्यायला त्याचा हात धजत नाही. मागितलं त्याहून सरस तेच देतो, कारण पाटीवर त्याचं नाव आहे. परक्या गिऱ्हाइकाच्या वाटेला जात नाही, कारण त्याला परके नकोच आहेत. त्याला हवीत त्याची माणसं, आणि ती बटण बदलायच्या निमित्ताने त्याच्यासमोर येऊन बसायला हवीत. "मी गोदामं जळलेली पाहिलीत, अप्पा. स्वतःचं गोदाम जाळणारा माणूस आग लावायच्या आधी आवडती वस्तू बाहेर काढतो. तू तर आवडती वस्तू वापरूनच आग लावलीस."

"शिडीवर चढताना जीव जात होता," अप्पा म्हणाले. एवढंच. मग गुडघे चोळत, "हेडमास्तर येतात आणि तिला विचारतात. मी समोर बसलेलो असतो, ताई. चाळीस वर्षं मी त्यांच्या सदऱ्याची बटणं निवडली. आता ते तिला मोबाइलवर लिहितात, तुझी निवड छान आहे हो, बाळ. मला कुणी काही विचारत नाही."

"मला तर कधीच कुणी विचारलं नाही," आत्या म्हणाली.

अप्पांनी मान वर केली. चाळीस वर्षांत ही गोष्ट दोघांमध्ये पहिल्यांदाच बोलली गेली होती.

बाहेर पायऱ्यांवर माणसांचे आवाज यायला लागले तसे ते घाईने पुढे झुकले. "ताई, माझी एवढी लाज राख. पोरीच्या हातून झालं म्हण. नवीन आहे, गोंधळली म्हण. मी तिला रागावणार नाही, शब्द देतो. घरात बसेल, सुखात राहील. तुझं सगळे ऐकतील."

खरंच सगळ्यांनी ऐकलं असतं. आणि आत्याला त्या क्षणी ते हवंहवंसं वाटलं, हे तिचं तिलाच कळलं. एक वाक्य बोलायचं आणि ती खुर्ची रिकामी. आपल्याला नाही मिळाली, तर हिलाही नाही. इतका गोड विचार तिच्या मनात बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

दार उघडलं.

६

थोरला, थोरली, मास्तर आत आले. धाकटी सगळ्यांत शेवटी आली आणि दाराशीच उभी राहिली. ती खुर्चीकडे गेली नाही. तिने अप्पांकडे पाहिलं नाही, थोरलीकडेही नाही. तिची नजर आत्यावर होती.

"अप्पाला तुम्हाला काही सांगायचंय," आत्या म्हणाली. "नाही सांगितलं तर मी सांगेन. पण त्याने सांगितलेलं बरं."

अप्पांनी सांगितलं. वळसे घालत, अडखळत, मधेच गुडघ्यांबद्दल बोलत, पण सांगितलं. थोरलीने तोंडावर पदर धरला. थोरला जमिनीकडे बघत राहिला. मास्तर पुटपुटले की शिडी मी उगीचच रोज मागे ठेवत होतो. शेवटी अप्पा काउंटरमागून उठले आणि धाकटीला म्हणाले, "तुझी काही चूक नव्हती. ऑनलाइन चालू राहील. तूच बघशील, इथेच बसून."

धाकटीने त्यांना नमस्कार वगैरे केला नाही. उद्यापासून वरच्या खणांना कुणी हात लावायचा नाही, लावायचाच तर मला सांगून, एवढं ती म्हणाली, आणि अप्पांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्यात दुकानाची मालकी थोडीशी सरकली, हे तिथल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं.

आत्याच्याही आलं. तिने चप्पल घातली आणि ती कुणाला न सांगता ओटा उतरली. तिने तपास अगदी चोख केला होता, एकही धागा सुटला नव्हता. आणि त्यातून निघालं काय, तर जी जागा तिला जन्मात मिळाली नाही ती तिने स्वतःच्या तोंडाने दुसरीला मिळवून दिली. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"आत्या, थांबा ना." धाकटी मागून धावत आली. "न सांगता निघालात?"

"माझं काम झालं."

"रागावलात का माझ्यावर?"

आत्या थांबली. आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलेल्या बाईला आता स्वतःला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "रागावले नाही. मला तुझा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून वाटतो. मघाशी तुझ्यावर ढकलून मोकळी होणार होते, अगदी जिभेवर आलं होतं."

धाकटी दचकली नाही. "हेवा वाटतो ते माहीत होतं मला," ती म्हणाली. "त्या खुर्चीकडे तुम्ही लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच बघितलं होतं, मी पाहिलं. या घरात मला पाण्यात बघणारे सगळेच आहेत. बाहेरचं कुणी बोलावलं असतं तर अप्पांनी त्याला गुंडाळलं असतं. म्हणून विचार केला, यातलं कोण मला पाण्यात बघूनही खोटं बोलणार नाही. तुमचंच नाव आलं."

रस्त्यावरून एक सायकल गेली, कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. जिला आपण सकाळपासून तोलत होतो, तिने आपल्याला फोन करायच्या आधीच तोलून ठेवलं होतं, हे आत्याला सावकाश कळत गेलं.

"एवढी हुशार आहेस हे आधी कळलं असतं," आत्या म्हणाली, "तर आणखी हेवा केला असता."

"आता करा की," धाकटी म्हणाली.

आत्याला हसू आलं, पण ते तिने दाखवलं नाही. डोळे पुसायचे राहिले होते, ते आधी पुसले, आणि ती घराच्या दिशेने चालायला लागली.